साडूभाऊंची खिडकी

मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता, पिवळ्या बल्बच्या उजेडात आमरस खाल्लाय कधी? आमच्या साडूभाऊंकडे मी तो दरवर्षी खातो. बाहेर कोथरूड भाजून निघत असतं आणि आत सगळे पडदे ओढलेले. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरात कुणाला तरी गोवर आलाय. आजारी कोणीच नव्हतं. टेबलावर, वर्तमानपत्राच्या घडीवर, एक चिप उताणी पडली होती.

"भाऊसाहेब, तेवढा पडदा ओढा," साडूभाऊ म्हणाले. बोटभर फट राहिली होती.

असा माणूस तुमच्याही नात्यात असणारच. कुणी लॅम्ब्रेटा उघडून बसतो, कुणी एचएमटीची घड्याळं जमवतो. आमच्या वाट्याला सिंक्लेअर स्पेक्ट्रम आला. इंग्लंडमध्ये १९८२ साली निघालेला, टीव्हीला जोडायचा, पाटीएवढा संगणक. त्याचाच स्पेक्ट्रम प्लस पुढे आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. साडूभाऊंनी तो बँकेत नवे असताना पतपेढीचं कर्ज काढून घेतला होता. कर्ज फिटलं, बँक सुटली, स्पेक्ट्रम राहिला. निवृत्तीनंतर लोक नर्मदा परिक्रमेला जातात. हे पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले आणि कार्ट्रिज करायला लागले.

कार्ट्रिज म्हणजे चिपमध्ये खेळ भरलेला, संगणकाला लावायचा ठोकळा; यांच्या एकेका ठोकळ्यात अनेक खेळ. त्यातली चिप ईप्रॉम जातीची. तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची गोल खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण वीसेक मिनिटं सोडले की आतलं सगळं पुसून पाटी कोरी. मग नवीन भरायचं आणि खिडकीवर कागद चिकटवायचा. एवढाच संसार. पण चिपच्या माहितीपत्रकात कोण्या इंजिनियरने लिहून ठेवलंय की खिडकी उघडी राहिली तर थेट उन्हात आठवड्याभरात चिप पुसली जाते आणि ट्यूबच्या उजेडात साधारण तीन वर्षांत. त्या इंजिनियरला आमच्या मेव्हणीचे, म्हणजे ताईंचे, तळतळाट लागणार आहेत. घरातल्या ट्यूबलाइट त्याच महिन्यात उतरल्या.

"अहो, तीन वर्षं आहेत की हातात," मी म्हणालो.

"बोलता बोलता जातात," साडूभाऊ म्हणाले. "पडदा ओढा."

आता खिडकी झाकायला चिकटपट्टी पुरते. पण त्यांच्या मते चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो. उत्तम म्हणजे परदेशी सफरचंदावरचा गोल स्टिकर. मापाचा आणि बेताचा चिकट. तेव्हापासून त्या घरात सफरचंदं स्टिकर बघून येतात. काश्मिरी सफरचंद बिनस्टिकरचं, म्हणून बाद. फळवाल्याला वाटतं, काकांना डॉक्टरांनी सांगितलंय. एका वास्तुशांतीत मी त्यांना आहेराच्या टेबलापाशी घुटमळताना पाहिलं. भेटवस्तूंवरचे किमतीचे स्टिकर ते नखाने अलगद काढत होते. "अहो, किंमत दिसणं बरं नव्हे," असं यजमानांना वर सांगत होते. यजमान गहिवरले. मी खिसा पाहिला होता.

पुसायच्या यंत्राची कथा निराळी. त्याला अतिनील नळी लागते आणि तसली नळी घरातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रात असते. पुढचे तीन महिने ताईंनी पाणी उकळून प्यायलं. नळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली, झाकण उघडलं की विझेल अशी कळही लावली. कार्ट्रिजची खोळ म्हणजे जुन्या कॅसेटची डबी. ती ताईंच्या भावगीतांची निघाली. ती भावगीतं आता रबरबँड लावून उघडी पडलेली असतात. त्यांना ऊन लागलेलं चालतं.

यांच्या कलाकृतीत खोट काढायला जागा नाही, हे मात्र कबूल करावं लागतं. स्पेक्ट्रमचा स्वतःचा रॉम, म्हणजे कायमची स्मृती, १६ किलोबाइटचा, थोडक्यात १६ केचा. चालू झाल्याबरोबर संगणक त्याच्या पहिल्या घरापासून वाचायला लागतो. कार्ट्रिज एका तारेवरून आतल्या रॉमला गप्प करतं आणि त्याच्या जागी स्वतः बसतं. म्हणून खेळही १६ केत मावणारा हवा. सिंक्लेअरने १९८३ मध्ये कार्ट्रिजसाठी 'इंटरफेस टू' नावाची खोबण काढली आणि तिच्यासाठी खेळ आणले ते उणेपुरे दहा. कॅसेटीपेक्षा महाग, म्हणून फारसे कुणी घेतले नाहीत. त्यातले चार अल्टिमेट या इंग्रज कंपनीचे: जेटपॅक, पस्स्ट, कुकी आणि ट्रान्झ ॲम. साडूभाऊंनी चारही एका ६४ केच्या चिपमध्ये भरले आणि चिपच्या वरच्या दोन पायांना दोन बारीक खटके लावले. दोन्ही खाली, जेटपॅक. एक वर, पस्स्ट. चार सोळे चौसष्ट. टाके बघाल तर तांदळाच्या कणीएवढे, सगळे सारखे, चकाकते. आमच्या सोनाराचे एवढे सुबक नसतात.

तिथे थांबले असते तर हा लेख झाला नसता. त्यांनी ५१२ केची चिप आणली. बत्तीस खेळ, पाच खटके. कुठला खटका वर आणि कुठला खाली म्हणजे कुठला खेळ, याचा तक्ता करून तो पंचांगाशेजारी टांगला. एकादशी शोधताना ताईंना परवा सतरावा खेळ सापडला.

आणि हे बत्तीस खेळ खेळतं कोण? कोणीही नाही. मी एकदा सहज म्हणालो, "एखादा दाखवा तरी." पाऊण तास द्विमान पद्धत समजावली. खटके लावले. मी नेमका तेव्हाच चहाचा कप टेकवला आणि ठोकळा हलला, म्हणून संगणक बंद करून तो काढून पुन्हा बसवला, कारण चालू असताना काढला-घातला की काहीतरी जळतं. शेवटी पडद्यावर रोपट्याला किड्यांपासून वाचवणारा एक यंत्रमानव आला. मी फवारा हातात घेतो न घेतो तोच यांचं लक्ष ठोकळ्याकडे गेलं. स्टिकरची कड उचलली गेली होती. संगणक बंद. रोपटं, किडे, यंत्रमानव, सगळे अंधारात.

"पडदा ओढा, भाऊसाहेब."

त्यांच्या मुलीने लीड्सहून फोनवर सांगितलं, "बाबा, हे सगळे खेळ मोबाइलवर फुकट मिळतात. हजारो." यांनी शांतपणे विचारलं, "त्याला खिडकी आहे का?"

यंदा त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्याबाहेरच्या बाकावर ताई मला सांगत होत्या. लग्न झालं तेव्हा दोन खोल्यांत सहा माणसं, टीव्ही एकच. रविवारी रामायणाला अख्खी चाळ आत. ह्यांना टीव्ही मिळायचा तो रात्री, सगळं आटोपल्यावर. मग टेपरेकॉर्डर जोडायचा. खेळ कॅसेटवरून संगणकात उतरायला पाच-पाच मिनिटं, कडेला रंगीत पट्टे पळताहेत, आणि शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. पुन्हा गुंडाळा, पुन्हा पाच मिनिटं. ते साधलं तर दिवे जायचे. दिवे राहिले तर सासरे उठून मेन स्विच बंद करायचे, बिल येतं म्हणून. "खेळ सुरू झालेला मी फारसा पाहिलाच नाही हो," ताई म्हणाल्या. "ह्यांनी तरी कुठे पाहिलाय? एका इंग्रजी मासिकात त्या कार्ट्रिजचं चित्र आलं होतं. घातलं की लगेच सुरू, थांबायला नको. ते पान कापून पाकिटात ठेवलं होतं. माझा फोटो नंतर आला."

मला पाऊण तासाच्या व्याख्यानाचा राग होता, तो नीट धरून ठेवता आला असता तर बरं झालं असतं.

आठवड्याने भेटायला गेलो. आरामखुर्चीत बसले होते. डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची भोकाभोकांची झाकणी, पांढऱ्या पट्ट्यांनी चिकटवलेली. माझ्या ओठांवर वाक्य आलंच होतं, पण त्यांनी ते ओळखलं.

"बोला ना. खिडकी झाकलीय. सफरचंदाचा स्टिकर मागितला होता, डॉक्टर नाही म्हणाले."

वाकायची मनाई होती, म्हणून ठोकळा मी बसवला. इंटरफेस टू मागच्या वर्षी जावयाने इंग्लंडहून मोज्यांत गुंडाळून आणलाय. पाचही खटके खाली. बटण दाबलं आणि जेटपॅक उभा राहिला. पट्टे नाहीत, थांबणं नाही, काही नाही. साडूभाऊ एका डोळ्याने बघत राहिले. मी जॉयस्टिक त्यांच्या हातात दिली.

पहिला अंतराळवीर यानाचे सुटे भाग शोधतच मेला. दुसरा उडाला आणि तसाच एका उल्केवर जाऊन आदळला. तिसऱ्याचं काय झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. सगळं मिळून मिनिटभर. बत्तीस खेळांचा धनी, आणि त्याला एकही खेळता येत नव्हता. हसू आवरेना. त्यांनाही आवरेना, पण डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती, म्हणून ते तोंड दाबून नुसते हलत होते.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

मी पुन्हा लावला. आणखी दोनदा लावला. चारच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन गॅलरीतून आत सरकलं आणि टेबलाच्या कडेपर्यंत आलं. कार्ट्रिज तिथून हातभर अंतरावर होतं. साडूभाऊ काही बोलले नाहीत, त्यांचं यान प्रथमच अर्धं जुळलं होतं.

मी उठून पडदा ओढला. त्यांच्या डोळ्यासाठी. त्या चिपशी माझा काही संबंध नाही.