सातबारा तुमच्या नावावर कसा?

प्रति,
चेल्सी पिच ओनर्स या कंपनीचे समस्त भागधारक,
स्टॅमफर्ड ब्रिज, फुलहॅम रोड, लंडन.

विषय : आपण चालवलेली विकासाची अडवणूक.
संदर्भ : आपले २७ ऑक्टोबर २०११ चे मतदान.

माननीय अडवणूकदारहो,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्यापायी एका बड्या फुटबॉल क्लबचं घोडं गेली कित्येक वर्षं पेंड खात उभं आहे. २०२२ साली टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांच्या गटानं अडीच अब्ज पौंड मोजून चेल्सी विकत घेतला, वर आणखी पावणेदोन अब्ज गुंतवण्याचा शब्द दिला. इतके पैसे टाकल्यावर त्यांना सगळं मिळालं. खेळाडू मिळाले, पुढे कॉन्फरन्स लीग आणि क्लब विश्वचषकही मिळाला. मिळाली नाही ती फक्त पायाखालची जमीन. ती तुमच्याकडे. म्हणजे कधीकाळी शंभरेक पौंडांचा एक शेअर घेऊन कृतकृत्य झालेल्या चाहत्यांकडे. कोणी कितीही शेअर घेतले तरी एका माणसाला शंभरापेक्षा जास्त मतं नाहीत, असा नियमही तुम्ही करून ठेवलात. अब्जाधीशाचा याहून मोठा अपमान लोकशाहीतसुद्धा होत नाही.

मी मुंबईकर. पुनर्विकासाच्या बाबतीत आमच्या शहराचा हात कोणी धरू नये, म्हणून अधिकारानं लिहितो. आमच्याकडेही गृहनिर्माण संस्थेची इमारत पाडायची तर पूर्वी तीन चतुर्थांश सभासदांची संमती लागायची. २०१९ साली सरकारनं ती अट ५१ टक्क्यांवर आणली आणि पुष्कळांची सोय केली. तुमच्या २०११ च्या सभेत क्लबचा तेव्हाचा मालक रोमन अब्रामोविच याच्या बाजूनं ६१.६ टक्के मतं पडली. आमच्याकडे एवढ्यात टॉवर उभा राहून पार्किंगवरून भांडणंही सुरू झाली असती. तुम्ही मात्र ७५ टक्क्यांचा नियम पुढे करून ठराव पाडलात.

काय मागितलं होतं बिचाऱ्यानं? शेअर ज्या भावानं घेतलेत त्याच भावानं परत करा, एवढंच. बदल्यात वचनही दिलं होतं, की २०२० पूर्वी मैदान सोडलंच तर तीन मैलांच्या आतच जाऊ. २०२० नंतर कुठे जायचं ते २०२० नंतर बघू. बिल्डरच्या तोंडची इतकी प्रामाणिक भाषा मी तरी आजवर ऐकलेली नाही. तुम्हाला तिचीही किंमत कळली नाही.

तुम्ही म्हणाल, इतिहास बघा. बघू. १८७७ साली तिथे धावपटूंचं मैदान झालं, आणि पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चेल्सी नावाचा क्लब पृथ्वीवर नव्हता. १९०४ मध्ये गस मिअर्सनं जागा ताब्यात घेतली आणि शेजारच्या फुलहॅम क्लबला भाड्यानं देऊ केली. फुलहॅमचा हेन्री नॉरिस नको म्हणाला. (हाच नॉरिस पुढे आर्सेनलचा सूत्रधार झाला आणि १९१३ मध्ये त्यानं तो क्लब उचलून थेट उत्तर लंडनात नेला. स्थलांतराला त्याचा तात्त्विक विरोध नव्हता, हिशेब जुळला की झालं.) मिअर्स वैतागला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेला कोळशाच्या यार्डासाठी जागा हवी होती, तिला ती विकायच्या विचारापर्यंत तो आला. तेवढ्यात, असं सांगतात, त्याचा कुत्रा फ्रेड पार्कर या त्याच्या सहकाऱ्याला चावला. पार्करनं ते इतकं हसत घेतलं की मिअर्सनं खूश होऊन विक्रीचा बेतच बदलला. भाडेकरू मिळत नाही ना, मग भाडेकरू आपणच तयार करू! १० मार्च १९०५ ला मैदानासमोरच्या राइझिंग सन पबमध्ये क्लब स्थापन झाला. नावासाठी केन्सिंग्टन, लंडन, अगदी स्टॅमफर्ड ब्रिजसुद्धा सुचवून झालं. फुलहॅम हे नाव आधीच गेलेलं, म्हणून फुलहॅममधल्या या क्लबनं शेजारच्या वस्तीचं नाव घेतलं.

थोडक्यात, क्लबसाठी मैदान घेतलेलं नाही, मैदानासाठी क्लब काढलेला आहे. जिथे उगम असा उलटा, तिथे मालकीही उलटी असणारच. यात तुमचा दोष मी थोडा कमी धरतो.

पण सत्तरच्या दशकाचं काय? तेव्हा क्लबनं स्वतःच विकास करून पाहिला होता. तीन मजली नवा ईस्ट स्टँड १९७४ मध्ये उघडला, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, आणि पुढच्याच वर्षी संघ दुसऱ्या विभागात घसरला. कर्ज इतकं चढलं, की १९८२ मध्ये केन बेट्सला अख्खा क्लब एका पौंडात मिळाला. मैदान वगळून, हे लक्षात घ्या. मैदान वेगळ्या कंपनीत होतं. ते आधी मार्लर इस्टेट्स आणि मग कॅब्रा इस्टेट्स या जमीनवाल्यांच्या हाती गेलं, आणि त्यांना तिथे गोलपोस्टपेक्षा फ्लॅट जास्त शोभून दिसत होते. बेट्सनं ‘सेव्ह द ब्रिज’ म्हणत वर्गणी मागितली, वर्षानुवर्षं कोर्टात भांडला. हा गृहस्थ संत नव्हे. १९८५ मध्ये प्रेक्षकांना आवरायला त्यानं विजेचं कुंपण उभारलं होतं, महापालिकेनं त्यात वीज सोडू दिली नाही म्हणून बरं. शेवटी क्लब वाचला तो खटल्यानंही नाही आणि वर्गणीनंही नाही. मालमत्तेचे भाव कोसळले, १९९२ मध्ये कॅब्रा बुडाली, आणि बेट्सनं तिच्या बँकेशी सौदा जुळवला. मंदीचा असा उपयोग अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही.

त्या धड्यातून तुमचा जन्म झाला. १९९३ मध्ये कंपनी निघाली, १९९७ मध्ये क्लबच्याच कर्जातून तिनं जमीन घेतली आणि दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानं, नाममात्र भाड्यात क्लबला परत दिली. वर खोच अशी मारून ठेवली, की ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नावही तुमचंच. संघ ब्रिज सोडून दुसरीकडे खेळायला लागला की ते वापरायचा हक्क संपला. जमीन नेता येत नाही हे ठीक, पण नावही गहाण? आमच्या चाळीतल्या पागडीवाल्यांना हे सुचलं असतं, तर गिरगाव आजही तीन मजल्यांचंच राहिलं असतं.

आता जरा गंभीर होऊन मालकांची बाजू मांडतो, कारण तीत तथ्य आहे. १९३५ मध्ये आर्सेनलविरुद्ध ८२,९०५ माणसं या मैदानात मावली होती. पण ती उभी होती. हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर वरच्या विभागांत सगळ्यांना बसवायचं ठरलं आणि आज ब्रिजवर चाळीसेक हजार खुर्च्या आहेत. आर्सेनल आणि टॉटनहॅमकडे साठ हजारांवर आहेत, मँचेस्टर युनायटेडकडे चौऱ्याहत्तर हजारांच्या घरात. दर सामन्याला वीस हजार तिकिटांचा फरक म्हणजे फार मोठा पैसा, आणि तो कुठूनतरी भरून काढावा लागतो. हे नाकारणारा चाहता स्वतःला फसवतो.

मग तिथेच पाडून बांधायचं, तर एका अंगाला ब्रॉम्प्टन दफनभूमी, दोन अंगांना रेल्वेचे रूळ आणि पुढ्यात फुलहॅम रोड. दफनभूमीतले रहिवासी संमतिपत्रावर सह्या करत नाहीत. तरी अब्रामोविचनं हर्झोग आणि द मेरॉन या स्विस वास्तुकारांकडून वेस्टमिन्स्टर ॲबीची आठवण करून देणाऱ्या विटांच्या खांबांचं साठ हजारांचं स्टेडियम आखून घेतलं. २०१७ मध्ये परवानगीही मिळाली. मग शेजारच्या एका कुटुंबाचं म्हणणं आलं, की आमच्या घरातला उजेड जातो. नगरपालिकेनं त्यावरही कायदेशीर वाट काढली. तोवर मालकाच्या व्हिसाचं घोडं अडल्याच्या बातम्या आल्या, मे २०१८ मध्ये क्लबनं गुंतवणुकीला हवा अनुकूल नसल्याचं सांगून काम थांबवलं आणि २०२० मध्ये परवानगीची मुदत संपली. या सगळ्यात तुम्ही कुठेच आडवे आला नव्हता, ही माझ्या तक्रारीतली एक गैरसोयीची बाब आहे. तिच्याकडे कृपया दुर्लक्ष करावं.

नव्या मालकांनी बाजूच्या सर ऑस्वाल्ड स्टॉल मॅन्शन्समधली, माजी सैनिकांच्या घरांसाठी चालणाऱ्या संस्थेची सव्वा एकराच्या आसपासची जागा आठ कोटी पौंडांना घेण्याचा करार २०२३ मध्ये केला. त्यामुळे हात-पाय पसरायला थोडी जागा झाली. तरी बांधकाम चालेपर्यंत संघानं राहायचं कुठे? टॉटनहॅमनं जुन्या जागीच नवं बांधलं, तेव्हा २०१७ ते २०१९ वेम्बलीच्या संक्रमण शिबिरात दिवस काढले. तेवढा धीर ज्या मालकांना प्रशिक्षकाच्या बाबतीत नाही, त्यांना वास्तूच्या बाबतीत असेल का, हा मला सतावणारा प्रश्न आहे.

दुसरी वाट दोन स्टेशनांपलीकडची, अर्ल्स कोर्टची. तिथलं प्रदर्शन केंद्र पाडून चाळीसहून जास्त एकर जागा मोकळी झाली आहे. दुर्दैवानं जमीनवाल्यांच्या आराखड्यात घरं आहेत, कचेऱ्या आहेत, स्टेडियम नाही. बॅटरसीच्या वीजकेंद्रासाठी २०१२ मध्ये क्लबनं बोली लावली होती, ते मलेशियाच्या कंपन्यांनी नेलं. एकंदरीत लंडनमध्ये जागा पुष्कळ आहे, चेल्सीसाठी तेवढी नाही. आणि गेलंच कोणी, तर काय होतं ते तुम्ही पाहिलं आहेच. आर्सेनलनं सोडलेल्या हायबरीच्या गवतावर आता फ्लॅटवाल्यांची बाग आहे. वेस्ट हॅमनं ११२ वर्षांचं अप्टन पार्क २०१६ मध्ये सोडलं आणि धावपटूंसाठी बांधलेल्या ऑलिंपिक स्टेडियमात संसार मांडला. तिथे प्रेक्षकापासून मैदान इतकं लांब, की शिव्या पोचेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला जातो.

म्हणून मी म्हणतो, तुम्ही बाजूला व्हा आणि मालकांवर विश्वास ठेवा. विश्वास का ठेवावा, याचा पुरावा त्यांच्याच ताळेबंदात आहे. ब्रिजच्या आवारातली दोन हॉटेलं क्लबनं ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली. कोणाला? स्वतःच्याच भावंड-कंपनीला. २०२४ मध्ये महिलांचा संघही असाच घरातल्या घरात विकला. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला आणि हिशेबाच्या वहीत नफा उगवला. खर्चमर्यादेच्या नियमांत बसण्यासाठी इतकी कल्पकता ज्यांच्या अंगी आहे, त्यांच्या हाती मैदानाची जमीन असती तर तिचं त्यांनी काय केलं असतं? ती आज कुठल्या भावंडाच्या नावावर असती? हे प्रश्न माझ्या मनात येऊ नयेत म्हणून मी पुष्कळ प्रयत्न करतो.

तेव्हा पुढचा प्रस्ताव येईल त्या दिवशी कृपया जुनी प्रथा पाळू नका. वचन कुठल्या कागदावर आहे, मुदत किती, मोडलं तर दंड काय, जागा नक्की कोणती, असले प्रश्न विचारून सभेचा वेळ खाऊ नका. आणि विचारायचेच असतील, तर सही करायच्या आधी विचारा, नंतर नको. नंतर विचारण्यातला आमचा अनुभव दांडगा आहे.

आपला,
एक विकासप्रेमी

ता. क. : ७५ टक्के मतं मिळेपर्यंत जमीनही तुमचीच आणि नावही. ब्रिज सोडून जाणाऱ्या संघाला स्वतःसाठी नवं नाव शोधावं लागेल.