डायनोसॉर कोलकात्यात, पोरं मुलचेऱ्यात

मुलचेऱ्यातल्या पाचवीच्या पोराला डायनोसॉरचं नाव विचारा. ‘टी-रेक्स’ असं तो डरकाळीसकट सांगेल. टीव्हीची कृपा! अमेरिकेत सापडलेलं जनावर गडचिरोलीत तोंडपाठ. आता ‘बारापासॉरस’ विचारा. पोरगा गुरुजींकडे बघेल, गुरुजी खिडकीबाहेर.

हा बारापासॉरस काही परका नव्हे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, पोचमपल्लीजवळ १९६१च्या सुमारास त्याची हाडं खणून काढली. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा शाकाहारी धिप्पाड गडी ज्या खडकात निजला होता, त्या थराला शास्त्रज्ञ ‘कोटा’ म्हणतात. हे कोटा आपल्या सिरोंचा तालुक्यातलं. क्लासवाल्यांचं राजस्थानातलं नव्हे. खणणारे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे आणि साल रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं. म्हणून १९७५ साली बारसं झालं, ‘बारापासॉरस टागोरी’. सांगाडा तिथल्याच संग्रहालयात उभा आहे. पूर्व बंगालातून उखडलेली माणसं सरकारनं मुलचेऱ्याच्या जंगलात वसवली, आणि इकडचा डायनोसॉर बंगालात नेला. फिटंफाट झाली म्हणायची. विचारलं मात्र दोघांनाही नव्हतं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याची गोष्ट तर पोरांना हमखास आवडेल, कारण ती शेणाची आहे. वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्यात डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. ते फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर आत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण! डायनोसॉरच्या काळात गवत होतं यावर तोवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभरच्या चित्रांमधल्या डायनोसॉरांच्या पायाखाली गवत उगवायची सोय झाली. पुढं २०११ मध्ये त्याच गोळ्यांत भाताच्या कुळातलं गवतही ओळखू आलं. ज्यांच्या ताटात दोन्ही वेळा भात असतो, त्या पोरांना हे कुणी सांगितलं का? नाही. त्यांना भाताचं शास्त्रीय नाव पाठ करायला सांगितलं.

आम्ही विज्ञान दाखवतो ते सहलीला. पहाटे अंधारात गाडी निघते, अर्धी पोरं वाटेत ओकतात, दुपारी नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात पोचतात. तिथली यंत्रं हात लावून बघायलाच ठेवलेली. गुरुजींचा पहिला हुकूम काय? ‘कशाला हात लावू नका रे!’ तारांगणात गार हवा लागते, थकलेली पोरं झोपतात. परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर नागपूरहून दहापट तारे असतात. तेव्हा बसमध्ये गाणी लावलेली असतात.

राहिली पुस्तकं. ती शाळेत आहेत, कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक प्रशिक्षणाला. पुस्तकं देत का नाही विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘फाडतात हो!’ वाळवी मात्र बिनकिल्लीची वाचून काढते.

सिरोंचा तालुक्यातच वडधमला वनविभागाचं जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेली झाडांची खोडं उघड्यावर पडली आहेत, शेजारी डायनोसॉरच्या हाडांचे अवशेष आहेत. आलापल्लीवरून जाणारा तो रस्ता हाच एक जीवाश्म, हे कबूल. पण नागपूरची सहल ज्या पैशांत होते त्याहून कमीत वडधमची होईल.

तेव्हा शिक्षणाधिकारी साहेब, दोनच कामं करा. पुढची सहल वडधमला न्या. आणि कोलकात्याला एक पत्र टाका : सांगाडा ठेवा तुमच्याकडेच, पण त्याच्या मांडीच्या हाडाची एक प्लॅस्टरची प्रतिकृती मुलचेऱ्याला द्या. आल्यावर ती कपाटात ठेवू नका म्हणजे झालं.