नानांचे लेखाआक्षेप

फ्रेंच शिकणाऱ्यांच्या दोन तऱ्हा. एक मुकाट पाठ करते आणि कॅनडाला जाते. दुसरी विचारते, "काबरं?" आणि धुळ्यातच राहते. देवपुरातले नाना दुसऱ्या तऱ्हेचे.

हयात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली. मुलगा माँट्रियलला, नात तिथल्या शाळेत फ्रेंच बोलते, म्हणून नानांनी ऑनलाइन क्लास लावला. शिकवणारी पोरगी पुण्याची. एरवी ते तिला 'मॅडम' म्हणतात, आक्षेप काढताना 'बेटा'. त्यासाठी खास रजिस्टर घातलंय: डावीकडं 'आक्षेप', उजवीकडं 'अनुपालन'. उजवी बाजू बहुतेक कोरीच.

"सूर्य पुल्लिंगी, मंजूर. पण चंद्र 'ला ल्यून'? बाई? अहो, आमचा चांदोबा मामा आहे! मामाची मामी कोणी केली?"

क्लासमधला जळगावचा पोरगा कळवळतो, "नाना, पाठ करा ना भो! माझी टेफची परीक्षा तोंडावर आलीय." नाना ढिम्म. (धुळ्याच्या पाण्यातच हे असावं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली याच गावी वारले. शब्दाचं मूळ खणल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नसे.)

'मूस्ताश' स्त्रीलिंगी निघाल्यावर तर नाना सलूनमध्येच गरजले, "मिशी! मर्दाच्या तोंडावरची! तीही बाईच?" कारागिरानं वस्तरा न थांबवता विचारलं, "मग आपल्याकडं काय 'तो मिशी' म्हणता, नाना? मान वर करा जरा." त्या दिवशीची नोंद: 'आक्षेप वगळला.'

फ्रेंच अकादमीबद्दल मात्र त्यांना आदर. 1635 सालचं कार्यालय म्हणजे काय! 2020 साली अकादमीनं कोविड स्त्रीलिंगी ठरवला. तोवर लोकांच्या तोंडी पुल्लिंगी रुळला होता, तो बऱ्याच जणांनी तसाच ठेवला. "आदेश निघाला, अंमलबजावणी शून्य," नाना भारावून म्हणाले. "आपलीच माणसं!"

आकड्यांवर मात्र तडजोड नाही. सत्त्याण्णव म्हणजे चार विसा, दहा, सात! "कॅशबुकात असं लिहिलं असतं तर मी निलंबित झालो असतो." स्वयंपाकघरातून आवाज आला, "सासूबाई गोवऱ्या अशाच मोजायच्या ना?" नानांनी घाईघाईनं माइक म्यूट केला.

एवढं होऊन बोलायला काय आलं? नात व्हिडिओवर विचारते, "सा व्हा?" म्हणजे कसं काय. नाना उलट विचारतात, "पुर्क्वा?" म्हणजे काबरं.

शेवटी मॅडमनी समजूत घातली: बेल्जियममध्ये सत्तर आणि नव्वदला सरळ शब्द आहेत, सेप्तांत आणि नोनांत. नानांनी रात्रीच मुलाला फोन लावला. "तिकडं बदली मिळते का बघ. कारभार स्वच्छ दिसतोय."

पुढच्या तासाला त्यांनी सहज विचारलं, "आणि ऐंशी?"

"ऐंशी तिथंही चार विसाच, नाना."

नानांनी रजिस्टरचं नवं पान उघडलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं: 'बेल्जियम'.