गाडीतली वेळ

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उजाडायच्या आदल्या रात्री, जेवणं आटोपली की मी एक स्टूल काखेत मारतो आणि घरभर हिंडतो. लंडनच्या आग्नेय कोपऱ्यातल्या आमच्या या घरात तीन माणसं राहतात आणि अकरा घड्याळं. त्यातली मोबाइल, लॅपटॉप वगैरे शिकलेली मंडळी रात्री दोन वाजले की कुणाला न विचारता पुन्हा एक वाजवून मोकळी होतात. उरतात ती भिंतीवरची, गजराची, बॉयलरची. त्यांचा काटा मागे घ्यायला माणूस लागतो, आणि तो माणूस गेली अठरा वर्षं मी आहे.

पूर्वी मागे की पुढे, याचाच घोळ व्हायचा. मग बायकोने एक सूत्र बसवून दिलं: पाडव्याला पुढे, दिवाळीला मागे. मार्चचा शेवटचा रविवार आणि गुढीपाडवा काही एका दिवशी येतात असं नाही, पण गुढी वर चढते तसा काटा पुढे चढतो, एवढं लक्षात राहायला पुरतं. तेव्हापासून मी चुकलो तो फक्त एकदा. त्याबद्दल पुढे सांगतो.

ओव्हनचं घड्याळ मात्र मला एकट्याला जमत नाही. दोन बटणं एकदम दाबून धरायची, तशीच धरून तिसरं फिरवायचं, आणि आकडे लुकलुकायचे थांबायच्या आत चौथं दाबायचं. हा ओव्हन दत्तगुरूंसाठी बनवला असावा. शिवाय तो मानी आहे. मध्येच वीज गेली आणि परत आली, की घड्याळ लावून दिल्याशिवाय तो तापत नाही. केक करायचा म्हटलं की आधी वेळ सांगा, मग पुढचं बोला.

आणि राहिलं गाडीचं. गाडी आम्ही जुनी घेतली, तिच्यासोबत पुस्तक मिळालं नाही, आणि पडद्यावरच्या कुठल्या कप्प्यात घड्याळ दडलंय ते आम्हाला कधी सापडलं नाही. एका मे महिन्यात ती आमच्या दारात आली तेव्हाची उन्हाळी वेळ तिने आजतागायत सोडलेली नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च आमच्या गाडीत बसणारा प्रत्येक जण आधी पट्टा लावतो आणि मग मनातल्या मनात एक वजा करतो. लेक वजाबाकी शाळेत शिकली असं तिच्या बाईंना वाटतं.

हा सगळा उपद्व्याप ज्याने सुचवला तो गृहस्थ आमचा जवळजवळ शेजारीच. विल्यम विलेट त्याचं नाव, धंदा घरं बांधायचा. आमच्याकडून मोटारीने दहा मिनिटांवर पेट्स वुड नावाचं रान आहे, तिथे हा भल्या सकाळी घोड्यावरून रपेट मारायचा. उन्हाळ्यात इथे चार-साडेचारलाच फटफटतं. तरी सगळ्या घरांचे पडदे आपले खाली! एवढं ऊन वाया जातंय, आणि लोक घोरतायत! १९०७ साली त्याने दिवसाच्या उजेडाची ही उधळपट्टी थांबवा म्हणून एक पुस्तिका काढली. सकाळी लवकर उठा, असं सांगून जगात कुणी उठलेलं नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक वडिलांना ठाऊक आहे. विलेट त्यांच्यापेक्षा हुशार. लोकांना नका उठवू, घड्याळालाच पुढे ढकला, म्हणजे लोक आपण नेहमीच्याच वेळी उठलो अशा समजुतीत राहतील. त्याची मूळ योजना तर आणखी बारकाईची होती. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे आणि सप्टेंबरच्या चार रविवारी तशीच मागे. म्हणजे वर्षातून आठ वेळा स्टूल. वाचलो!

त्याला गोल्फचाही नाद होता आणि संध्याकाळी अंधार पडून डाव अर्धवट राहिला की तो वैतागायचा, असं म्हणतात. मला हेच कारण जास्त पटतं. समाजहिताच्या पुष्कळ योजनांच्या मुळाशी कुणाचा तरी अर्धा राहिलेला डाव असतो. पार्लमेंटात विधेयक आलं, पडलं, पुन्हा आलं. १९१५ साली विलेट वारला. दुसऱ्या वर्षी महायुद्धात कोळसा वाचवायचा म्हणून जर्मनीने आधी घड्याळं पुढे केली, आणि शत्रूला सुचलं म्हटल्यावर तीनच आठवड्यांत, २१ मे १९१६ला, इंग्लंडनेही केली. लेकीला यातलं काही ऐकायचं नव्हतं. पण नवी मुंबईत येऊन गेलेल्या कोल्डप्लेचा गायक क्रिस मार्टिन हा या विलेटचा खापरपणतू, आणि त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याचं नावच 'क्लॉक्स', हे सांगितल्यावर तिने कानातलं एक बोंडूक काढलं. माझ्या घरात विलेटला एवढाच मान मिळाला.

साताऱ्याला आईकडे मात्र त्याला तेवढाही नाही. आईची मालिका नऊला संपते आणि नऊ वाजून एक मिनिटाने तिचा फोन येतो. उन्हाळ्यात इथे तेव्हा साडेचार झालेले असतात, मी चहा घेत असतो, सगळं सुरळीत. ऑक्टोबरचा तो रविवार गेला की तोच फोन साडेतीनला येतो, नेमका आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे गं."

"काल नव्हतास तो?"

"काल रविवार होता. आणि आता आमचं घड्याळ मागे गेलंय."

"मग तू कशाला गेलास त्याच्याबरोबर?"

याला उत्तर नाही. तिच्या मते वेळ बदलत नाही, मुलगा बदलतो. मार्चमध्ये तर न्यू जर्सीचा भाऊ आमच्या दोन-तीन आठवडे आधीच काटा पुढे टाकून बसतो, त्यामुळे तिघांनी मिळून बोलायचं ठरलं की तेवढ्या दिवसांत कुणीतरी एक जण रिकाम्या पडद्याकडे बघत बसलेला असतो. पुतण्या ॲरिझोनात फिनिक्सला आहे. तिथे ही भानगडच नाही, वर्षभर एक वेळ. "तेवढा एकच शहाणा निघाला," असं आई म्हणते. पुतण्याची बाकीची कामगिरी पाहता हे जरा जास्तच आहे.

आता त्या चुकीबद्दल. २०१९ साली नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही २७ ऑक्टोबरला आली, आणि तोच होता घड्याळ मागे घ्यायचा रविवार. म्हणजे अभ्यंगस्नानाच्या पहाटे एक तास फुकट! आयुष्यात दिवाळीच्या पहाटे कुणी झोपेची अशी ओवाळणी घातलेली मला आठवत नाही. शनिवारी रात्री तेल-उटणं काढून ठेवलं. कारीट इथे मिळत नाही, म्हणून पायाखाली फोडायला ब्रसेल्स स्प्राउट आणले होते, सुपारीपेक्षा जरा मोठे कोबीचे गड्डे दिसतात ते. (ते फुटत नाहीत, सटकतात. नरकासुर फ्रिजखाली गेला.) मोबाइल झोपायच्या खोलीत आणायचे नाहीत हा बायकोचा नियम, म्हणून गजराचं घड्याळ साडेपाचला लावलं, काटा तासभर मागे घेतला आणि झोपलो. थोड्या वेळाने बायको आवराआवर करून आली. हा माणूस विसरला असणार, असं माझ्याविषयीच्या अनुभवावरून तिने ठरवलं, आणि तिनेही काटा तासभर मागे घेतला.

आम्हाला जाग आली ती स्वयंपाकघरात वाजणाऱ्या फोनने. गजराचं घड्याळ साडेपाच दाखवत होतं, आता वाजणार इतक्यात. फोनवर मात्र साडेसहा.

"झाल्या का रे आंघोळी? इथे बारा वाजले. दुपारी अमावास्या लागतेय."

सूर्योदय पावणेसातला. माणसं तीन, न्हाणीघर एक, हातात पंधरा मिनिटं. सूर्योदयाआधी न्हाला नाही तो नरकात जातो, हे लेकीला मीच रंगवून सांगितलं होतं, त्यामुळे ती आत घुसून कडी लावून बसली. बाहेर आम्ही दोघं अंगाला तेल लावून उभे, एकमेकांकडे न बघता. शेवटी मी मुद्दा काढला की कालच्या घड्याळाने सूर्य आज पावणेआठला उगवला असता, आपण कालच्या हिशेबाने धरलं तर अजून तासभर आहे. बायको म्हणाली, "मग कालच्या हिशेबाने आत्ता साडेसात झालेत." तेलकट अवस्थेतही तिचं गणित चांगलं आहे. आईने मात्र फोनवरूनच निकाल दिला: सूर्य घड्याळ बघून उगवत नाही, बादली घ्या आणि बागेत जा. २७ ऑक्टोबरला, इंग्लंडात, बागेत! मी नरक पत्करला. साताऱ्याला तर सूर्य केव्हाचाच माथ्यावर आला होता, म्हणजे तिकडच्या हद्दीत मी आधीच गेलेला होतो.

तरी आपण इंग्रजांना फार हसू नये. तासाभराच्या फेरफाराने आपण दचकतो, पण आपल्या पंचांगात दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अख्खा महिना घुसवतात आणि कुणाची झोप मोडत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ते भरून काढायची ही युक्ती. फरक एवढाच की इंग्रज मार्चमध्ये एक तास घेतो आणि ऑक्टोबरमध्ये मोजून परत करतो, हिशेब चोख. आपण महिना देतो तो परत मागत नाही, वर त्या निमित्ताने जावयाला तेहेतीस अनारसे देतो. २०२३च्या अधिक श्रावणात सासूबाईंनी मला ते कुरिअरने पाठवले. विलेटच्या योजनेत एक जरी अनारसा असता तरी विधेयक पहिल्या फटक्यात पास झालं असतं.

आणि काटे हलवणं आईलाही नवीन नाही. तिचं माहेर गिरगावातलं. भारताची एकच प्रमाणवेळ १९०६च्या १ जानेवारीपासून सुरू झाली, पण मुंबई महापालिकेने आपली 'मुंबई टाइम' काही सोडली नाही. ती एकोणचाळीस मिनिटं मागे होती आणि १९५५पर्यंत मागेच राहिली. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारने भारतातलीही घड्याळं तासभर पुढे ढकलली होती, १९४२पासून १९४५पर्यंत. आई सांगते, तिचे वडील कुणाला भेटायची वेळ देताना कुठली वेळ तेही सांगायचे, आणि सांगूनसुद्धा उशिराच जायचे.

आई एका सप्टेंबरात आमच्याकडे आली ती मनगटावर भारताची वेळ घालून. बदलायला तयार होईना. "परत गेल्यावर पुन्हा कोण फिरवत बसेल?" मग मी तिला इथल्या जुन्या भारतीयांची एक क्लृप्ती दाखवली: काट्यांचं घड्याळ उलटं धरायचं, खालचं वर. साडेपाच तासांच्या फरकाची गंमतच अशी आहे की भारतात तीन वाजलेले असले तर उलट्या घड्याळात बरोबर साडेनऊ दिसतात. आईने मनगट उलटं केलं, स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं एक तास पुढे आहे." उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, तेव्हा ही युक्ती चालत नाही, हे मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बस्स. ऑक्टोबर संपता संपता मी स्टूल घेऊन फिरलो. सोमवारी सकाळी तिने मनगट उलटं केलं, भिंतीकडे पाहिलं, आणि सूनबाईला म्हणाली, "आलं हो तुमचं ताळ्यावर."

त्याच नोव्हेंबरात एका रविवारी आम्ही तिला विलेटचं स्मारक दाखवायला पेट्स वुडला नेलं. गावात त्याच्या नावाला शोभेसा 'डेलाइट इन' नावाचा पब आहे, तो बाहेरूनच दाखवला. मग रानात शिरलो. ओकची पानं कुजून पायवाट निसरडी झाली होती, आई साडी खोचून लेकीच्या खांद्याला धरून चालत होती. झाडांमधल्या एका मोकळ्या जागेत दगडी स्तंभ आहे, १९२७ सालचा, आणि त्यावर छायायंत्र. ते कायमचं उन्हाळी वेळेवर आखलेलं आहे. आपण फक्त उन्हाळ्याचे तास मोजतो, अशा अर्थाचं लॅटिनही त्यावर कोरलेलं आहे. साऱ्या देशाला काटा हलवायला लावणाऱ्या माणसाच्या स्मारकाचा काटा हिवाळ्यात हलत नाही. म्हणजे हे आमच्या गाडीसारखंच की! मला एकदम हलकं वाटलं. त्या पुस्तकाविना मिळालेल्या गाडीची मला इतकी वर्षं उगाचच लाज वाटत होती.

"मग आत्ता यात किती वाजलेत?" लेकीने विचारलं.

आम्ही चौघं वाकून बघू लागलो. आभाळ सकाळपासून घोंगडीसारखं पांघरलेलं. दगडावर सावली नव्हती, पावसाचे दोन थेंब होते.

"ऊन कुठाय पण?" आई म्हणाली. कुणीच काही बोललं नाही, तेव्हा तिने शालीतून हात बाहेर काढला आणि मनगट उलटं केलं.

"साडेअकरा झाले. चला, भात लावायचाय."

गाडीत बसलो तेव्हा समोर साडेबारा वाजले होते.