हेडमास्तर हयात आहेत

महाराष्ट्रात सरकारी नोकराला घाबरवायचं असेल तर साहेबाला फार शब्द खर्चावे लागत नाहीत. ‘गडचिरोलीला पाठवीन’ एवढं पुरतं. आमच्या हेडमास्तरांवर मात्र ही धमकी कधी चाललीच नाही, कारण त्यांची पहिली नेमणूकच तिकडची. शाळा तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होती. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा झाला आणि हेडमास्तर खुर्चीवरून न उठता नव्या जिल्ह्यात पोचले. इतरांच्या बदल्या होतात. यांच्यासाठी जिल्ह्याचीच बदली झाली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल, श्रीफळ आणि आरामखुर्ची देऊन गावानं त्यांना निरोप दिला. शाल हिवाळ्यात कामी येते. खुर्चीचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

निवृत्तीनंतर ते आधी गेले सिरोंच्याला. गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता, तोही एसटीनं. जवळच्या वडधमला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे आणि प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. डायनासोरचं हाड बराच वेळ न्याहाळून हेडमास्तर म्हणाले, “हेही मधल्या सुटीनंतर परत आले नाहीत वाटतं.”

पुढच्या पावसाळ्यात भामरागड. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा जिथं भेटतात तिथं ऐन श्रावणात जाऊ नये, हे लहान पोरालाही कळतं. पर्लकोटा पुलावर चढली की गावाचा जगाशी संबंध तुटतो. हेडमास्तर अर्थातच ऐन श्रावणात गेले, अडकले, एका माजी विद्यार्थ्याच्या ओसरीवर राहिले आणि पाणी ओसरेपर्यंत गल्लीतल्या पोरांचे पाढे घेत बसले. पूर ओसरल्यावर सगळ्यात जास्त आनंद पोरांना झाला, असं सांगतात. परतीच्या वाटेवर ते हेमलकशाला थांबले. १९७३च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आणि प्रकाश-मंदाकिनी आमट्यांनी उभ्या केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचं हे गाव. तिथली आश्रमशाळा पाहून आल्यावर मात्र त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि घरच्यांना तब्येतीची काळजी वाटली.

चंद्रपूर आणि गडचिरोली, या दोन जिल्ह्यांत हेडमास्तरांना लपायला जागा नाही. कंडक्टर, वनरक्षक, तलाठी, कुणी ना कुणी त्यांच्या हातचा मार खाल्लेलाच निघतो. “कोटी चाल्ले जी गुर्जी?” म्हणत पाया पडतो आणि लगेच घरी फोन लावतो. ताडोब्यातही तेच. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं हे कळल्यावर वाघाला मंगळवारची साप्ताहिक सुटी कुणी मंजूर केली, याची त्यांनी फाटकावर रीतसर चौकशी केली. उत्तर द्यायला उभा असलेला गाईड सातवीत दोनदा बसलेला. तो गप्प राहिला.

मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलात, बाया झुंजुरका टोपल्या घेऊन रानात जातात. अस्वलांनाही मोह तितकाच आवडतो, म्हणून ही वेळ जोखमीची. हेडमास्तर कवायतीची शिट्टी गळ्यात अडकवून बायांसोबत जायचे. एकदा झाडाखाली खरंच अस्वल निघालं. शिट्टी तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा ते सवयीनं ओरडले, “वर्गाबाहेर हो!” अस्वल गेलं. त्यानं आज्ञा पाळली की ते आवाजाला भ्यालं, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. बाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, तिसरा पक्ष: अस्वलाला अक्कल होती.

२०२१ साली छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. धानाच्या बांध्यांची नासाडी झाली, लोक रात्र-रात्र जागले. ती हसण्याची गोष्ट नव्हती. तरी हेडमास्तरांनी एक नोंद करून ठेवलीच: ऑर्डर नसताना इथं रुजू झालेले हे पहिलेच.

एवढं करून त्यांना भीती वाटते ती झाडीपट्टीच्या रंगमंचाची. धान घरात आलं की वडसा भागातल्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. गावच्या हौशी नाटकात यंदा त्यांना खलनायक दिलाय. समोर बसणार ते सगळे त्यांनी बाकावर उभे केलेले.

तालमी नोव्हेंबरात सुरू झाल्या आणि नोव्हेंबरातच पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेतल्या बाबूनं, अर्थात माजी विद्यार्थ्यानं, फॉर्म पुढं सरकवत विचारलं, “गुर्जी, जिवंत आहात म्हणून लिहू ना?”

“लिही,” हेडमास्तर म्हणाले, “आणि ‘जिवंत’चा जि ऱ्हस्व काढ.”