झेरॉक्स अण्णा

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला भाड्यानं खोली बघायला निघालात, की अण्णा भेटतातच. नाव वेगळं असेल, स्कूटर तीच. डिकीत चाव्यांचा जुडगा, वही, स्टॅम्प पॅड आणि रबरबँड लावलेला आधार कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. नव्या प्रकल्पातल्या घरविक्रीची दलाली करायची तर महारेराची नोंदणी लागते. भाड्याच्या घरांना ती भानगड नाही. त्यामुळे अण्णांना परवाना कुणी दिला, हा प्रश्नच उद्भवत नाही.

खोली दाखवण्याआधी अण्णा माणूस बघतात. "आधार, पॅन, दोन फोटो, तीन महिन्यांची पगार स्लिप. आणि गावाकडचा कोणीतरी जबाबदार माणूस. त्याचंबी आधार."

बँकेत नव्यानं लागलेल्या एका ऑफिसरनं विचारलं, "पगार स्लिप कशाला?"

"मालकाच्या समाधानासाठी."

"आणि मामांचं आधार?"

"माझ्या."

आपल्या भागातला माणूस पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून एकदा तरी पोळलेला असतो. सही म्हटली की तो दहा वेळा विचार करतो. झेरॉक्स मात्र न बघता देतो. मामांनीही दिली.

कायद्याला अण्णा पक्के. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55 त्यांना तोंडपाठ. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, जबाबदारी घरमालकाची, चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. "अकरा महिन्यांचा असला म्हणून सुटत नाही, साहेब!" पण पगार स्लिप कुठल्या कलमात बसते म्हणून विचाराल, तर अण्णा क्षणभर वर बघतात आणि म्हणतात, "अनुभवाच्या."

अण्णांच्या मनात पाप नाही, आणि खरी अडचण तीच आहे. चोर असते तर पोलिसांत गेलो असतो. अण्णा तुमची माहिती आपुलकीनं वाटतात. आधारवरच्या जन्मतारखेला सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल येतं. आठ वाजता त्यांच्या विमावाल्या मेहुण्याचा फोन येतो, कारण वय एकानं वाढलं की हप्ताही वाढतो. पुढच्या आठवड्यात अण्णा चहाच्या गाड्यावर उभे राहून सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर बोलत असतात: "मुलगा गरीब स्वभावाचा आहे. पीएफ कापून हातात एवढे पडतात. मामा तालेवार, सातबारा मी बघितलाय. आता बायोडाटा कशाला मागताय? स्लिप आहे की माझ्याकडं, टाकतो."

ऑफिसर बदलून साताऱ्याला गेला तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. पोवई नाक्यावर एसटीतून उतरला, तर अण्णांचे साडू हजर. "या साहेब. रात्री उशिरा येता म्हणं तुम्ही? शाहूपुरीत गेटाला कुलूप न लावणारं घर बघून ठेवलंय. आणि त्या तासगावच्या स्थळाचं काय ठरलं?"

सावध भाडेकरूही अण्णांनी पचवलेत. एका शिकलेल्या पोरीनं मास्क्ड आधार दिलं, शेवटचे चारच आकडे दिसणारं. अण्णांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, आणि तिचीच कीव करत म्हणाले, "प्रिंटर गेला वाटतं तुमचा. आठ आकडे उमटलेच नाहीत." मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं होतं, की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा. गैरसमज नको म्हणून दोन दिवसांत ते मागं घेतलं गेलं. अण्णांनी मागं घेतल्याची तेवढी बातमी कापून वहीत चिकटवलीय.

स्वतःच्या बाबतीत मात्र अण्णा कडक. ते राहतात कुठं, हे कुणालाच माहीत नाही. दुकानगाळ्याचं भाडं विचारलं तर म्हणतात, "ते घरगुती आहे."

शेवटी आमच्यातल्या एका वकिलानं त्यांना गाठलं. सांगितलं, की 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय.

"नऊ जणांचं एकमत? आमच्या सोसायटीत पाच जणांचं होत नाही पाण्याच्या टाकीवर."

2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, नोव्हेंबर 2025 मध्ये नियमही आलेत, टप्प्याटप्प्यानं लागू होतील, दंड अडीचशे कोटींपर्यंत.

अण्णा हलले नाहीत. "तो डिजिटलला आहे. माझं सगळं कागदावर."

"आणि व्हॉट्सॲपवर टाकता ते?"

अण्णांनी पहिल्यांदाच चहाचा कप खाली ठेवला. वकील पुढं सरसावले: काम संपलं की माहिती पुसून टाका, असं सांगायचा हक्क आता या पोरांना मिळतोय.

"मग पुसू की! आपलं काय अडलंय?" अण्णांनी वही उघडली. "प्रत्येकानं एकेक अर्ज द्यायचा. सोबत आधारची झेरॉक्स, दोन फोटो, आणि ओळख पटवायला गावाकडचा एक माणूस. आकडे बाराच्या बारा दिसले पाहिजेत. नाहीतर भलत्याचंच पुसलं जाईल."