यंत्रकरवतीचे सरपण

ज्या लातूर जिल्ह्याचे वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत भरते, आणि ज्याच्या मुख्य शहराला 2016 साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातील जळकोटात सरपण कापण्यासाठी पेट्रोलवर चालणारी यंत्रकरवत दाखल व्हावी, हा योग खरोखर अपूर्व होय. आमच्याकडील जळण म्हणजे मुख्यत्वे तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या; पैकी पहिल्या दोन गुडघ्यावर मोडतात, आणि गोवरीस करवत लावण्याचा पराक्रम अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही. उरली बांधावरची बाभूळ. तिच्या चार फांद्यांसाठी मालकाने पेट्रोलात ठरल्या प्रमाणात तेल मिसळावे, बोथटलेली साखळी कानशीने दातागणिक घासावी, दोरी खेचखेचून खांदा निखळवावा, आणि एवढ्या अनुष्ठानानंतर कुऱ्हाडीने न्याहारीपूर्वी उरकणारे काम दुपारपर्यंत सिद्धीस न्यावे, यालाच प्रगती म्हणण्याचा शिरस्ता आहे. बाभळीवरून हात पुढे सरकलाच तर यंत्राला चिंच, आंबा व जांभूळ यांचा भेद कळत नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्याला तो उत्तम कळतो, आणि परवानगीचा अर्ज दप्तरातून पेट्रोलच्या वेगाने सरकत नाही.

पावसाळ्यापूर्वी हे ओंडके ढाळजेत मोठ्या बंदोबस्ताने रचले जातात. रास ढासळू नये म्हणून तिच्या टोकाला उज्ज्वला योजनेतील रिकामा सिलिंडर टेकण दिलेला असतो. तो भरण्याचे पैसे करवतीच्या पेट्रोलात खर्ची पडलेले असतात.